उमेदवारी कुठे करायची?

केनियातल्या छोट्या धंदेवाल्यांवर झालेला एक प्रयोग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत जितका यायला हवा तितका येत नाही. संशोधकांनी सहाशेच्या वर व्यावसायिक घेतले. त्यातल्या काहींना व्हॉट्सअॅपवर एक सल्लागार जोडून दिला. हा सल्लागार म्हणजे जीपीटी-४वर चालणारं यंत्र. धंद्याबद्दल काहीही विचारा, ते उत्तर देणार. उरलेल्यांच्या हाती धंदा कसा करावा याची नेहमीची मार्गदर्शिका ठेवली. काही महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा सरासरी फरक जवळपास काहीच निघाला नाही. पण सरासरी फोडून पाहिल्यावर चित्र पालटलं. सल्लागार मिळालेल्यांपैकी ज्यांचा धंदा आधीपासून बरा चालला होता त्यांची कमाई सुमारे १५ टक्क्यांनी वाढली होती आणि जे आधीच रखडले होते ते आणखी ८ टक्क्यांच्या आसपास खाली गेले होते. दोन्ही गटांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेले सल्ले साधारण सारखेच होते. रखडलेल्यांनी ‘भाव उतरवा, जाहिरात वाढवा’ असा सरधोपट सल्ला उचलला. चालत्या धंदेवाल्यांनी तो सोडून दिला आणि आपल्या गल्लीला, आपल्या गिऱ्हाइकाला लागू पडेल तेवढंच घेतलं.

या विषयावर गेल्या काही वर्षांत जे लिहिलं गेलं त्यातला मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो: यंत्राला सर्जन जमेल का? ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं आणि प्रत्येक संपादकाने त्याच्याकडून एक कविता लिहून घेऊन ती छापली. तो खेळ आता पुरे झाला. प्रश्नही नवा नाही. यंत्र स्वतःहून काही उपजवत नाही, असं गणितज्ञ एडा लवलेसने १८४३मध्येच लिहून ठेवलं होतं आणि १९५०मध्ये संगणकशास्त्रज्ञ अॅलन ट्यूरिंगने त्याला उत्तरही दिलं होतं. केनियाच्या प्रयोगातून पुढे येणारा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. यंत्राने समोर टाकलेल्या दहा गोष्टींतली कोणती उचलायची ही नजर माणसाला येते कुठून? आणि जिथून येते ती जागा शिल्लक राहणार आहे का?

आधी पुरावा काय सांगतो ते पाहू, कारण तो वरवर एकमेकांना छेद देणारा आहे. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिनयॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांवर कर्मचाऱ्यांच्या कामाची तपासणी केली. यंत्राची मदत मिळाल्यावर त्यांचं काम सरासरी १४ टक्क्यांनी वाढलं. नवख्यांचं तर एक तृतीयांशाने वाढलं आणि मुरलेल्यांच्या कामात फारसा फरक पडला नाही. म्हणजे इथे यंत्राने खालच्याला वर उचललं, केनियात खालच्याला आणखी खाली ढकललं. हे कसं? मला वाटतं, उत्तर कामाच्या जातीत आहे. तक्रार निवारणाच्या कामात प्रश्न ठरावीक असतात आणि प्रत्येकाचं बरोबर उत्तर त्याच कंपनीतल्या कुणा ना कुणाला माहीत असतं. यंत्र मुरलेल्या माणसांच्या संभाषणांवरून शिकलं आणि त्यांचं शहाणपण नवख्याच्या कानात सांगू लागलं. (त्या मुरलेल्यांना या शिकवणीचे पैसे मिळाले का, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी विसरू नये.) धंद्यात मात्र बरोबर उत्तर कुणाच्याच खिशात नसतं. तिथे यंत्र सल्ल्यांचा ढीग घालतं आणि निवड तुमच्यावर सोडतं.

मुरलेला माणूस नेहमीच जिंकतो असंही समजू नये. २०२५च्या सुरुवातीला मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर काम करायला लावलं. काही कामं यंत्राच्या मदतीने, काही मदतीशिवाय. मदत घेतली तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत पुढेच आहे: काम संपल्यावर त्यांना विचारलं, तर आपण २० टक्के लवकर आटोपलं असं त्यांचं ठाम मत होतं. साधनं त्यानंतर बदलली आहेत, १६ हा आकडाही लहान आहे. पण ‘माझा तर अर्धा वेळ वाचतो बुवा’ असं कुणी सांगू लागलं की मला हा प्रयोग आठवतो.

सर्जनशीलतेबद्दल सगळ्यांत नेमकं निरीक्षण अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचं आहे. ते २०२४मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये आलं. सुमारे तीनशे जणांनी छोट्या गोष्टी लिहिल्या. काहींना यंत्राकडून कल्पना घ्यायची मुभा होती. त्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त रंजक वाटल्या, विशेषतः ज्यांचा हात मुळात बेताचा होता त्यांच्या. पण सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा यंत्राची मदत घेतलेल्या गोष्टी एकमेकींसारख्या दिसू लागल्या. एकेकाचा फायदा आणि सगळ्यांचा मिळून तोटा. हे समजायला खरं तर प्रयोगशाळेत जायची गरज नाही. गणेशोत्सवात कुठल्याही गावातून फेरी मारा. फ्लेक्सवरचे गणपती, शिवाजी महाराज, मागचे गड, आभाळातला सोनेरी उजेड सगळं एकाच कारखान्यातून बाहेर पडल्यासारखं. हाताने बोर्ड रंगवणारा पेंटर फ्लेक्सने आधीच घरी बसवला होता. आता फ्लेक्सचं डिझाइन करणारा पोरगा घरी बसतो आहे. पेंटरने काढलेले महाराज पुष्कळदा बेढब असत, पण कोल्हापूरच्या पेंटरचे महाराज नगरच्या पेंटरच्या महाराजांसारखे नसत.

आता, काय उचलायचं ते ओळखणाऱ्या त्या नजरेकडे येतो. कुठल्याही धंद्यात ती पुस्तकातून येत नाही, हलकी कामं करता करता येते. वर्तमानपत्रात नवा पोरगा आला की त्याला प्रेसनोटा उतरवायला बसवत. दोन पानांच्या भाषणातून चार ओळींची बातमी काढताना बातमी म्हणजे काय हे त्याला उमगे. प्रकाशकाकडे मुद्रितशोधन, जाहिरात कंपनीत माहितीपत्रकाचा मजकूर, मालिकेत मुख्य लेखकाच्या हाताखाली वनलाइनवरून प्रसंग फोडून देणं, वकिलाकडे नोटिसांचे मसुदे, सीएच्या आर्टिकलशिपमध्ये व्हाउचर तपासणं, हिंजवडीत दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणं. ही कामं कंटाळवाणी, पगार नावापुरता, शिव्या भरपूर. पण चांगलं आणि वाईट यांतला फरक हजार वेळा डोळ्यांखालून जातो तो इथेच. आणि आजचं यंत्र सगळ्यांत स्वस्तात, सगळ्यांत बिनबोभाट करतं ती नेमकी हीच कामं.

याचा परिणाम दिसू लागला आहे का? ब्रिनयॉल्फसन यांनीच दोन सहकाऱ्यांसह ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांचा मोठा साठा चाळला. यंत्राची झळ जास्त बसणाऱ्या व्यवसायांत २२ ते २५ वयोगटातल्यांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेला त्यांना आढळला. त्याच व्यवसायांतल्या वयाने मोठ्या लोकांना तितकी झळ लागलेली नव्हती. यावर आक्षेपही आहेत. कोविडनंतर कंपन्यांनी वारेमाप भरती केली होती, व्याजदर चढले होते. दोष सगळा यंत्राला देता येत नाही. आपल्याकडे जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार जणांना कमी करण्याचं जाहीर केलं आणि कारण कौशल्यांचा मेळ न बसणं हे आहे, यंत्र नव्हे, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. तिथे गदा मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होती. तेव्हा चित्र अजून धूसर आहे. तरीही पुण्यात ज्याच्या घरी नुकतंच इंजिनिअरिंग झालेलं पोर आहे त्याला विचारा, ते ‘फ्रेशर’ हा शब्द आता कसा उच्चारतं.

उलट टोकाला जिथे मुळात माणूसच नव्हता तिथे हेच यंत्र निखळ भर घालतं. क्ष-किरणतज्ज्ञ घडवणं आता थांबवा, असं कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन २०१६मध्ये म्हणाले होते. ते तज्ज्ञ आजही कमीच पडतात. त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीने छातीचा एक्स-रे वाचणारी प्रणाली तयार केली आणि २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या चाळणीसाठी अशा प्रणाली वापरायला हिरवा कंदील दाखवला. ज्या तालुक्यात एक्स-रे वाचणारा डॉक्टर कधी पोचलाच नव्हता, तिथे यंत्राने कुणाच्या पोटावर पाय दिला? कुणाच्याच नाही. हा निकष मला सरसकट ‘यंत्र चांगलं की वाईट’पेक्षा उपयोगी वाटतो. खुर्ची रिकामी होती का, की तिच्यावर कुणी शिकाऊ बसला होता?

उद्योजकतेच्या अंगाने बोलायचं तर एकट्या माणसाची कंपनी ही सध्याची लाडकी कल्पना आहे. लोगो, वेबसाइट, हिशेब, इंग्रजी लेबल, वस्तूचे फोटो ही सगळी कामं सांगलीत मसाले करणारी बाई आता फोनवर उरकू शकते. पूर्वी यासाठी तिला एजन्सीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. हे खरंच मोठं आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण ही सोय तिच्या शेजारणीलाही तितकीच मिळते, त्यामुळे लेबल देखणं असणं हा फरक उरत नाही. १९५९मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे लेबल सोडून बाकी बरंच काही होतं: पापड लाटायचा हात आणि एकमेकींवर विश्वास.

नव्या यंत्रावर स्वार होणारा मराठी उद्योजक म्हणून दादासाहेब फाळक्यांचं नाव नेहमी घेतलं जातं. ते घेताना त्यांची उमेदवारी मात्र वगळली जाते. १९१३च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी जे. जे. कला महाविद्यालय झालं होतं, बडोद्याचं कलाभवन झालं होतं, गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा मांडून झाला होता, पुरातत्त्व खात्यात नकाशे आणि चित्रं काढून झाली होती, रवि वर्म्यांच्या छापखान्यात दगडावरून रंगीत चित्रं कशी उतरवतात ते हातात बसलं होतं, जादूचे प्रयोगही करून झाले होते. वाटाण्याचं रोप उगवताना टप्प्याटप्प्याने टिपून त्यांनी सावकार पटवला, ही कल्पना एका रात्रीत आली असेल. ती ज्या हातांना सुचली ते हात वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांची कामं करत होते.

पुढे चित्रपट या माध्यमानेच शिकण्याच्या दुसऱ्या एका जागेला कुलूप लावलं. १९३२मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू आणि गाऊ लागला आणि संगीत नाटक कंपन्यांची घरघर सुरू झाली. मोठे लोक तरले, निदान काही काळ. बालगंधर्वांनी १९३५मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त काम केलं. लोप पावली ती कंपनी ही संस्था. तिथे दहा-बारा वर्षांचं पोर येई, कपड्यांच्या ट्रंका उचले, तिसऱ्या अंकातल्या दासीचं काम करी, विंगेतून रोज तेच पद ऐके आणि एके दिवशी कुणी आजारी पडलं की तोंडाला रंग लावून उभं राही. १९६०च्या दशकात विद्याधर गोखले यांची नाटकं आली, ‘कट्यार काळजात घुसली’ आलं, मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या चालींनी नाट्यसंगीत पुन्हा घराघरांत गेलं. पण गाणारे नट घडवणारी कंपनी परत आली नाही. ‘कट्यार’ला वसंतराव देशपांड्यांसारखा कलावंत मिळाला तो ख्यालगायकीच्या तालमीतून. ती तालीम शाबूत नसती तर ‘कट्यार’ कागदावरच राहिलं असतं. यंत्र एखादी कला मारतं की नाही यावर आपण वाद घालत बसतो. ती शिकण्याची जागा गेली की कला पुढच्या पिढीच्या नशिबावर तरते, हे फारसं कुणी मोजत नाही.

ख्यालगायकीकडेच आणखी एक दाखला आहे, आणि तो आशादायक आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात येऊन चार दशकं उलटली. तो सुरात असतो, थकत नाही, रेल्वेच्या डब्यात मावतो. आता तर फोनमधलं अॅप फुकट मिळतं. कामाचा विचार केला तर मैफलीत मागे तानपुरा घेऊन दोन शिष्य बसवायचं काही कारण उरलेलं नाही. तरी ते बसतात. कारण गुरूच्या मागे, त्याच्या श्वासाच्या अंतरावर, हजार श्रोत्यांसमोर बसून स्वर भरणं ही शिकवणी आहे, हे त्या जगातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्र असूनही ती जागा मुद्दाम राखली गेली. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते कारागिरांना. पण तानपुऱ्याला गिऱ्हाईक आहे त्यात या रिवाजाचाही वाटा आहे.

बुद्धिबळाची गोष्टही अशीच, फक्त तिथे रिवाजापेक्षा बाजार उपयोगी पडला. १९९७मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा हा खेळ संपला असं अनेकांना वाटलं होतं. आज कुठल्याही फोनमधलं इंजिन जगज्जेत्याला हरवतं आणि तरीही नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५मध्ये बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकते तेव्हा लोक पडद्याला खिळून बसतात. इंजिनविरुद्ध इंजिन पाहायला फार थोडे लोक बसतात. शिवाय इंजिनाने बुद्धिबळाची पहिली पायरी मोडली नाही, उलट स्वस्त केली, कारण वयोगटाच्या स्पर्धांत पटावर पोरांनाच बसावं लागतं आणि इंजिन वापरलं तर ती लबाडी ठरते. नियम आहे म्हणून पायरी आहे. ऑफिसात असा नियम नाही.

नियम कुठे झाले ते पाहिलं तर सगळ्यांत पुढचं उदाहरण हॉलिवूडच्या लेखकांचं. २ मे ते २७ सप्टेंबर २०२३ हा त्यांचा संप यंत्राविरुद्धचा संप म्हणून जगभर गाजला आणि यंत्राने लिहिलेलं साहित्य ‘मूळ लेखन’ धरायचं नाही, लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करायची नाही, ही कलमं बातम्यांत आली. त्याच करारातलं दुसरं कलम आपल्याकडे कुणी फारसं वाचलं नाही. मालिकेच्या लेखकांच्या खोलीत भागांच्या संख्येनुसार किमान तीन ते सहा लेखक घ्यायचे आणि काही लेखकांना चित्रीकरण चालू असतानाही कामावर ठेवायचं, असं ते कलम. निर्माते खोली लहान करत चालले होते, नव्या लेखकाला सेट पाहायला मिळेनासा झाला होता. संघटनेने यंत्रावर सरसकट बंदी मागितली नाही. शिकाऊ माणसाची खुर्ची करारात लिहून घेतली. माझ्या मते या साऱ्या घडामोडीतली सगळ्यांत दूरदृष्टीची चाल तीच.

भारतातली लढाई सध्या तयार नावांच्या रक्षणाची आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्या साधनांना मनाई केली. पुढच्या वर्षी आशा भोसले यांनाही असंच संरक्षण मिळालं. ऑगस्ट २०२५मध्ये ‘रांझणा’ या चित्रपटाचा तमिळ अवतार शेवट यंत्राने बदलून पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष यांनी जाहीर निषेध केला. अमेरिकेत चोरीच्या प्रतींवरून पुस्तकं गोळा केल्याच्या दाव्यात अँथ्रॉपिक या कंपनीने लेखकांना दीड अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं. एका पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर पडतात. हे सगळं हवंच. पण आशाबाईंचा आवाज कोर्टाने राखला म्हणून डबिंग स्टुडिओत गर्दीतल्या तिसऱ्या माणसाचा आवाज देणाऱ्या मुलीला काम मिळत नाही. तिच्या आवाजाला नाव नाही, त्यामुळे तो चोरीलाही जात नाही; थेट अनावश्यक ठरतो.

यंत्राने नव्या पायऱ्याही आणल्या, असं त्यावर सांगितलं जातं. आणल्या आहेत. यंत्राला मराठी शिकवायला मराठी आवाज लागतात आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका प्रकल्पात महाराष्ट्रातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांनी फोनवर वाक्यं वाचून शंभरावर तासांचा साठा जमवला. त्यातूनच पुढे ‘कार्या’ ही संस्था उभी राहिली आणि ती या कामाचे स्थानिक मजुरीच्या मानाने चांगले पैसे देते. गावातल्या बाईला घरबसल्या असे पैसे मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. फक्त या कामाला वरची पायरी नाही. दहा हजार वाक्यं वाचलेली बाई आणि दहा वाक्यं वाचलेली बाई यांच्यात तिथे फरक पडत नाही. प्रेसनोटा उतरवणारा पोरगा निदान उपसंपादक व्हायचा.

महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय वा पदविकावाल्याला आठ, पदवीधराला दहा. विद्यावेतन सरकार देतं, काम आस्थापनेने द्यायचं. कल्पना मुळात योग्य दिशेची आहे: मालकाला शिकाऊ माणूस परवडत नसेल तर तो खर्च समाजाने उचलावा. पण मुदत काही महिन्यांची, आणि त्या महिन्यांत काय शिकवायचं यावर कुणाचं लक्ष नाही. कित्येकांना फायली हलवायला बसवलं गेलं. मुदत संपल्यावर पुढे काय, म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावरही आले.

हाच पैसा मराठीतल्या सरकारी लेखनकामांना जोडून पाहावा, असं माझं म्हणणं आहे. वाईला विश्वकोशाचं काम सुरू झालं तेव्हा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली नोंदी लिहिणारे, तपासणारे, भाषांतर करणारे लोक बसत आणि त्यातून संपादक तयार होत. आज विश्वकोश मंडळाला, साहित्य संस्कृती मंडळाला किंवा पाठ्यपुस्तकं करणाऱ्या बालभारतीला भाषांतराचा पहिला खर्डा यंत्राकडून घेण्याचा मोह होणारच, आणि घ्यावाही. मात्र प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात दोन शिकाऊ उमेदवारांची ओळ असावी. यंत्राचा खर्डा मूळ मजकुराशी वाक्यागणिक ताडून पाहणं, जिथे चुकलंय तिथे का चुकलंय हे समासात लिहिणं आणि ज्येष्ठ संपादकाने त्या समासावर सही करणं, हे त्यांचं काम. वेळ जास्त लागेल, खर्चही वाढेल, आणि लेखापरीक्षक विचारेल की यंत्राने पाच मिनिटांत केलेल्या कामावर दोन माणसं सहा महिने का बसवली.